काल डबा कुठं उघडला?

वच्छलाच्या तेरवीला पंगत बसली. जेवता जेवता पाहुणे म्हणाले, माउलीच्या हाताला चव होती. लग्न झाल्यापासून तिच्या हातचं मीच खाल्लं हे खरं, पण तारीफ करून खाल्लं ते एका माणसानं, खानझोडे सरांनी. आमच्या घरात तारीफ करायची पद्धत नव्हती. खारट झालं तर बोलायचं, बरं झालं तर आणखी भाकर मागायची.

ती गेली तेव्हापासून घरात भांड्याचा आवाज नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, लिहायचा सराव नाही. पण रिकामा म्हातारा एक तर देवळात जाऊन बसतो नाही तर पानठेल्यावर, आणि मला दोन्हीकडची माणसं पटत नाहीत. म्हणून लिहून राहिलो. तिच्यावर लिहायला घेतलं तर दोन ओळींच्या पुढं हात जात नाही. सरांवर जमेल असं वाटतं, कारण त्यांच्यावर लिहिताना हसू येतं.

खानझोडे सर एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. भूगोल म्हणजे डोंगर, नद्या आणि कुठं काय पिकतं, एवढंच आम्हाला ठाऊक. सरांचा भूगोल अलग होता. गावातला मोठा कारखाना बंद पडला की पुढं त्या गावाचं काय होतं, माणसं कुठं पांगतात, बाजार कुठं सरकतो, आजूबाजूच्या खेड्यांत काय उगवतं, हे ते शोधायचे. आमची कापडाची गिरणी तेव्हा बंद पडली होती. ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. मी तिथं मागावर विणकर होतो. नागपुरात गांधीबागेच्या मागच्या आमच्या गल्लीत घरटी एक माणूस गिरणीचा. म्हणजे सरांना जे पाहिजे होतं ते आमच्या दारात आयतं मांडून ठेवलेलं.

मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं, "सर, आमचं मरण अन् तुमचा अभ्यास."

"बरोबर आहे, गणपतराव," ते म्हणाले. "डॉक्टरचंही तसंच असतं."

"डॉक्टर गोळी देते," मी म्हटलं.

त्यावर ते असे विचारात पडले की हातातला चहा थंड झाला. मग तो थंड चहा पिऊन म्हणाले, "फार छान झाला होता."

उंच, वाळलेला माणूस. पायात पांढरे कॅनव्हासचे जोडे, डोक्यावर साहेबी टोप, काखेत मेणकापडात गुंडाळलेला नकाशा आणि खिशात कांदा. कांदा आम्हीही ठेवतो, उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून. पण सरांच्या खिशात तो थंडीतही असायचा. विचारलं तर म्हणायचे, "काढायचं राहून गेलं." एकदा त्या कांद्याला कोंब फुटलेला वच्छलानं पाहिला. "सर, आता याले पाणी घाला," म्हणाली.

आणि नकाशावाला हा माणूस आमच्या गल्लीत दर वेळी चुकायचा. मोठ्या रस्त्यावरून आत यायचा तो मारुतीच्या पारापाशी निघायचा, पाराकडून निघायचा तो कोणाच्या तरी न्हाणीपाशी. बायका आतून ओरडायच्या, "सर, इकडून नाही! डावीकडे!" सायकल कुठं लावली ते कधी आठवत नसे. गल्लीतलं कोणीही सायकल घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायचं. मी म्हटलं, असा कसा तुमचा भूगोल? तर म्हणाले, "गणपतराव, नकाशात मी कधी चुकत नाही. रस्त्यांचं खातं माझ्याकडं नाही."

ते पहिल्यांदा आले तो दिवस आमच्या गल्लीत कोणी विसरलं नाही.

त्याच्या काही वर्षं आधी नसबंदीवाले असेच कागद घेऊन गल्लीत शिरले होते. तेव्हापासून टोप आणि कागद दिसला की आमच्याकडचे पुरुष मागच्या दारानं निघून जायचे. त्या दिवशीही तसंच झालं. कोणीतरी शिटी मारली आणि गल्ली साफ झाली. सोनबाजी साठीला टेकलेले, त्यांना कोणी फुकटातही धरलं नसतं, पण तेही काठी टाकून पळाले. मला मागं जायला वेळ मिळाला नाही, म्हणून मी छपरावर चढलो. कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. पालथा पडून राहिलो. खालचं सगळं ऐकू येत होतं.

सरांनी दारात उभं राहून विचारलं, "बाई, घरात मुलं किती?"

वरती मी कवेलूंना आणखी चिकटलो. नसबंदीवाल्यांचा पहिला सवाल हाच असायचा.

"दोन आहे," वच्छला म्हणाली. "अन् पुरे आहे. पण आमच्यावाल्याले हात लावाचा नाही, सांगून ठेवते."

"अहो बाई, मी भूगोलाचा प्राध्यापक आहे."

"आता भूगोलवाले बी कापून राहिले काय?"

मला हसू आलं. हसलो तसं अंग हललं, कवेलू फुटलं आणि माझा एक पाय मांडीपर्यंत घरात उतरला. चुलीच्या बरोबर वर. सरांनी मान वर करून त्या पायाकडं पाहिलं. घाबरले नाहीत, हसले नाहीत. कागदावर पेन टेकवून विचारलं, "हे घरचे का? काय करतात?"

वच्छलानं पायाकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "गिरणीत आहे."

सरांनी लिहून घेतलं.

दिवसभर ते घरोघरी फिरले. नसबंदीवाला नाही हे कळल्यावर पुरुषही खाली उतरले, दारात आले. सरांनी प्रत्येकाला विचारलं, काय करता? प्रत्येकानं सांगितलं, गिरणीत. सर मान हलवून लिहीत गेले. ज्या गिरणीच्या गेटला साखळी लागलेली, आत गवत वाढलेलं, त्या गिरणीत त्यांच्या कागदावर आमची सगळी गल्ली कामाला लागली.

हे असं होणारच होतं. आमच्याकडं "काय करता" म्हणून विचारलं की माणूस काम सांगत नाही, अब्रू सांगतो. आणि आमची अब्रू गिरणीत होती. हे सरांना कळलं ते कॉलेजात. तिथं त्यांनी चार मोठ्या लोकांसमोर हे वाचून दाखवलं. त्यांच्या वरच्या साहेबानं विचारलं, "खानझोडे, बंद काय आहे, गिरणी की तुमचं डोकं?"

ते पुन्हा आले तेव्हा मला वाटलं, आता रागावतील. ते आमच्या ओट्यावर बसले, टोप काढला आणि वच्छलाला म्हणाले, "बाई, असं कसं सांगितलंत?"

"मंग काय सांगाव? घरी बसले आहे म्हणून? पोरीसाठी पाहणं सुरू आहे. सोयऱ्याइले आमी गिरणीच सांगतो."

"पण सोयऱ्यांना माहीत नाही का, गिरणी बंद आहे?"

"माहीत आहे न. त्याइच्यावाले बी तिथंच होते."

सर हसले. पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. हसता हसता त्यांचं लक्ष वच्छलाच्या हाताकडं गेलं. ती माझा डबा भरत होती. दोन भाकरी, अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा.

"हा डबा कुणाचा?"

"याइचा."

"गणपतराव, तुम्ही कुठं निघालात?"

मी चपला शोधायला लागलो. खरं सांगायचं तर गिरणी बंद झाली होती, डबा बंद झाला नव्हता. पाळीची वेळ झाली की गल्लीतला प्रत्येक माणूस डबा घेऊन घराबाहेर पडायचा. दुपारी घरात जेवणारा पुरुष आमच्याकडं एक तर आजारी असतो नाही तर जावई. दोन्ही नसेल तर त्यानं बाहेर जाऊन खावं. कुठं, ते बायको विचारत नाही. डबा रिकामा आला म्हणजे झालं.

सर बराच वेळ त्या डब्याकडं पाहत बसले. मग उठले आणि शेजारच्या दारात जाऊन त्यांनी नवा सवाल विचारला, "काल डबा कुठं उघडला?"

लोकांना यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही. भाकर खाल्ली ती जागा सांगायला काय जातं? तोंडं उघडली. कोणी गांधीबागेत कापडाच्या गाठींवर बसून खाल्ला, म्हणजे तो तिथं गाठी उचलत होता. कोणी संत्र्याच्या बाजारात, म्हणजे पेट्या ठोकत होता. कोणी स्टेशनबाहेर रिक्षाच्या सीटवर. दोघं-तिघं थेट शहराबाहेर कळमेश्वरला, तिकडं नवीन कारखाने निघाले होते तिथं. सर गल्ल्यांमागून गल्ल्या हिंडले, दुसऱ्या मोहल्ल्यांत गेले. पोरं त्यांना डब्बेवाले सर म्हणायला लागली. त्यांना राग नव्हता.

उलट फायदाच झाला. डबा विचारायचा म्हणजे डब्यात काय होतं हेही विचारायचं, आणि ते विचारलं की आमच्याकडची बाई वाढल्याशिवाय राहत नाही. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरी मोठी बहीण होती, ती पथ्याचं करायची. दुधी, मुगाचं वरण, बिनतिखटाचं. त्यामुळं आमच्या दारात ते भुकेलेच यायचे. पण सरळ खायचे नाहीत. घास हातात धरून विचारायचे, "ही अंबाडी कुठल्या गावची? ज्वारी कुठून येते? तेल घाणीचं की पिंपातलं?" त्यांचा घास आधी गावाला जाऊन यायचा, मग तोंडात जायचा. आणि मग डोळे मिटून म्हणायचे, "वा, वच्छलाबाई, वा." ती पदरानं तोंड पुसायची, लाजल्यासारखी. मी दुसरीकडं तोंड करून बसायचो.

नकाशा तयार झाला तेव्हा सरांना काय हौस आली, त्यांनी तो मारुतीच्या पारावर पसरला. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. नागपूर शहर, भोवतालची गावं, आणि त्यावर लाल शाईचे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक डबा. नावं लिहिली नव्हती, कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून. त्यांना वाटलं होतं, आता कोणाला कळणार नाही. त्यांना आमच्या बायका माहीत नव्हत्या.

सगळ्या पाराभोवती जमल्या. हा ठिपका कोणाचा, तो कोणाचा, बोटं लावून लावून त्यांनी गल्लीतले कामाला जाणारे सगळे नवरे शोधून काढले. शेवटी एक ठिपका उरला. महाराजबागेत. आणि एक बाई उरली, नामदेव जॉबरची.

नामदेव म्हणजे आमच्यातला मोठा माणूस. गिरणीत आमच्या खात्याचा जॉबर होता, हाताखाली माणसं होती. गिरणी बंद झाल्यावरही तो इस्त्रीचे कपडे घालून रोज निघायचा. बायकोला सांगायचा, मालकाच्या माणसांशी मीटिंग आहे. गल्लीत त्याला मान होता. गिरणी चालू होणार ती नामदेवच्या मीटिंगमुळं, असं लोक धरून होते.

त्याची बायको नकाशावर वाकली. "सर, इथी काय आहे?"

सर प्रामाणिक माणूस. नाव विचारलं असतं तर सांगितलं नसतं. जागा विचारली, म्हणून सांगितली. "महाराजबाग. हा प्राण्यांचा भाग. हा ठिपका, थांबा हं, हा वाघाच्या पिंजऱ्यासमोरचा बाक."

बाई सरळ झाली. नामदेव पाराच्या पलीकडं उभा होता, पांढऱ्याशुभ्र शर्टात.

"काहून जी," ती म्हणाली, "इतके दिवस वाघासंगं मीटिंग चालू होती?"

लोक हसून हसून पाराखाली पडले. सोनबाजींनी विचारलं, "मंग काय म्हणते गा वाघ? गिरणी कधी उघडते?" नामदेव पाय आपटत निघून गेला. सर बिचारे त्याच्या मागं धावले माफी मागायला, आणि चुकले. त्यांना शोधायला नामदेवलाच परत यावं लागलं. दोघं एकत्र आले तेव्हा नामदेवच्या खांद्यावर सरांचा हात होता. दुसऱ्या दिवसापासून नामदेव पिंजऱ्यासमोर बसायचा थांबला. पुढं त्यानं शिलाई मशीन दुरुस्तीचं काम धरलं.

पण मला सांगायचं ते पुढं आहे. सगळ्या बायका हसत असताना वच्छला नकाशाकडं पाहत होती. गिरणीच्या जागी ठिपके नव्हतेच. तिथं एक मोठा लाल गोळा झाला होता.

"हे काय सर, शाई सांडली काय?"

"नाही बाई," सर हळू आवाजात म्हणाले. "ते गेट आहे."

त्या गोळ्यात मी होतो. आम्ही पुष्कळ जण रोज गिरणीच्या बंद गेटसमोर लिंबाखाली जाऊन बसायचो. तिथंच डबा खायचा, पत्ते खेळायचे, पाळी सुटायच्या वेळी घरी यायचं. रोज कोणीतरी खबर आणायचं. आज म्हणे मोठा साहेब येऊन गेला. म्हणे मशिनींना तेल घातलं. भोंगा वाजणार, पुढच्या महिन्यात वाजणार. आणि एक गोष्ट सगळ्यांनी पक्की धरलेली, दुसरीकडं हजेरी लावली की गिरणीतून नाव कटतं. म्हणून हलायचं नाही.

कळमेश्वरला तेव्हा पोत्याचं कापड विणायचा कारखाना निघाला होता. प्लास्टिकच्या पट्टीची पोती, खतासाठी. त्यांना मागावरची माणसं पाहिजे होती. वच्छलानं हे कळमेश्वरच्या ठिपक्यावरून ओळखून, त्या ठिपक्याच्या बायकोला विचारून काढलं. मला म्हणाली, जा. मी म्हटलं, कापूस विणणारा माणूस पोती विणन काय? ती म्हणाली, कापूस कुठी आहे? मी म्हटलं, भोंगा वाजला अन् मी कळमेश्वरले असलो तं? याचा जवाब सरांजवळ होता, हे तिनं ताडलं.

"सर, तुमी एवढं शिकले. गिरणी चालू होईन का नाही होईन?"

"अभ्यास चालू आहे, बाई."

"तुमचा अभ्यास होईपर्यंत हे फोटोत जातीन. आमी हार घालू. सांगा न."

सर सांगत नसत. त्यांचा एक नियम होता. पाहणाऱ्यानं पाहावं, सांगू नये. "मी सांगितलं आणि माणसं माझ्या सांगण्यानं गेली, तर मी काय पाहिलं? माझंच बोलणं पाहिलं." हे मला त्या वेळी मूर्खपणाचं वाटलं, आजही अर्धंच पटतं. पण माणूस नियमाचा पक्का होता.

वच्छला त्यांच्याहून पक्की. एका रविवारी तिनं गोळाभात केला. डाळीचे गोळे, मोकळा भात, आणि त्यावर घालायचं हिंग-मिरचीचं फोडणीचं तेल. त्या तेलाशिवाय गोळाभात म्हणजे कोरडी माती. सरांना वास गल्लीच्या तोंडाशी लागला असावा, कारण त्या दिवशी ते सरळ आले. ताट वाढलं. सरांनी विचारलं नाही की डाळ कुठली. हात भातात घातला. वच्छला तेलाची कढई घेऊन समोर बसली आणि पळी वरच्या वर धरली.

"आधी सांगा. भोंगा वाजन का नाही?"

सरांनी पळीकडं पाहिलं. भाताकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माह्याकडे काय पाहता? कढई तिच्या हातात आहे."

"वच्छलाबाई, हा अन्याय आहे."

"हाव, आहे."

पळीतलं तेल थेंब थेंब परत कढईत पडत होतं. मग ते उठले, हात धुतले, टोप घातला आणि न जेवता गेले. चुकीच्या बाजूनं. कोणी त्यांना हाक मारली नाही. वच्छला पळी टाकून आत गेली आणि माझ्यावर ओरडली, "तुमच्यापायी उपाशी गेला न तो माणूस!"

दोन दिवसांनी सर सकाळीच हजर. हातात जमीन मोजायची लोखंडी साखळी. मला म्हणाले, "गणपतराव, कळमेश्वरला मोजणी आहे. साखळीचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. येता का?" मी रिकामाच होतो. गेटवर एक दिवस नसलो म्हणून नाव कटत नाही. गेलो.

तिथं आम्ही एक रस्ता मोजला. मोजून झाला, सर म्हणाले, पुन्हा मोजू. पुन्हा मोजला. तोच रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना नवीन शेड. मी साखळी धरून पुढं चाललो होतो आणि एका शेडमधून आवाज आला. मागांचा. गिरणीतल्यासारखा नाही, थोडा हलका, पण मागच. खटखट, खटखट. गिरणी बंद झाली तेव्हापासून तो आवाज कानावर पडला नव्हता. माझे पाय थांबले. मागं सर साखळी ओढून राहिले, मी हलेना.

आतून सुपरवायझर धावत आला. "काय मोजून राहिले? रोड रुंद होते काय? आमची भिंत पाडता काय?"

"नाही, नाही," सर म्हणाले. "ह्यांना माग कळतो."

रस्ता मोजणाऱ्याला माग कळतो म्हणजे काय, हे त्या सुपरवायझरला कळलं नाही. पण माणसं कमी होती, मला आत घेऊन गेला. एका मागावर पट्टी तुटली होती. म्हणाला, जोड. मी गिरणीत जशी सुताची गाठ मारायचो तशी मारली. प्लास्टिकची गाठ, सर्रकन सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा पट्टीच हातातून निसटून मागात गेली आणि दुसऱ्या चार तुटल्या. शेजारचे कामगार हसले. सुपरवायझर कपाळाला हात लावून म्हणाला, "शिकून जाशीन गा. सोमवारी ये."

बाहेर आलो तर सर पुलाच्या कठड्यावर बसलेले. मी त्यांच्यावर भडकलो. "हे मोजणी आहे काय? मले इथी आणलं कायले? उद्या गिरणी उघडली अन् माझं नाव कटलं तं तुमी भरता काय?"

सरांनी टोप काढून मांडीवर ठेवला.

"गणपतराव, गिरणी उघडणार नाही."

मी बसच्या दिशेनं वळलो.

"मला वाटतं असं नाही, मला माहीत आहे. आतली यंत्रं मोडीत निघण्यालायक आहेत आणि खालची जमीन महाग झाली आहे. अशा गिरणीला कोणी उघडत नाही. अशा कितीतरी गावांचं मी वाचलं आहे. एकही उघडली नाही."

"कधीपासून मालूम आहे?"

"तुम्ही छपरातून पाय सोडला होतात, तेव्हापासून."

"अन् तरी आमच्यावाली अंबाडी खात राहिले?"

"हो," सर म्हणाले.

घरी आल्यावर सर आत येईनात. दारात उभे, शाळेत मार खायला उभं राहावं तसे. वच्छला बाहेर आली.

"बाई, आज माझ्या हातून चूक झाली."

"काय झालं?"

"सांगून टाकलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. काय दिसलं असेल ते असेल, आत गेली आणि पाट मांडला. त्या दिवशी भात साधाच होता. पण तिनं तेल कढवलं आणि सरांच्या ताटात इतकं ओतलं की ताटाबाहेर गेलं. सर खाली मान घालून जेवले. कुठलं तेल, विचारलं नाही.

सोमवारी मी डबा घेऊन निघालो. बसचा रस्ता गेटवरूनच. लिंबाखाली सगळे बसले होते. पत्त्यांत एक हात कमी होता, त्यांनी माझ्यासाठी जागा ठेवलेली. सोनबाजींनी हाक मारली, "कुठी चालला गा गणपत?"

"कळमेश्वरले."

"अन् भोंगा वाजला तं?"

मी म्हटलं, "मले आवाज द्या." आणि चालत राहिलो. मागून पुष्कळ काही बोलले. ते मी इथं लिहीत नाही. त्या दिवशी गेटपासून बसपर्यंतचा रस्ता मला जड गेला, एवढंच लिहितो.

पोती विणायला जमलं. प्लास्टिकची गाठही जमली. सर भेटायला आले तेव्हा मला वाटलं, आता माझा ठिपका कळमेश्वरला जाईल. तर म्हणाले, "गणपतराव, तुम्ही माझ्या अभ्यासातून बाद झालात."

"काहून बाप्पा?"

"तुम्ही स्वतः गेला नाहीत. मी नेलं. तुमचा ठिपका खोटा पडेल. मी तो पुसला."

मला फार राग आला. एवढी वर्षं माझ्या घरी जेवले, माझ्या छपराला भोक पडलं ते यांच्यापायी, आणि शेवटी मीच नकाशात नाही. पुढं त्यांचं जाड पुस्तक छापून आलं. एका शिकलेल्याकडून वाचून घेतलं. नावं नाहीत, पण त्यात नामदेव आहे वाघासकट, सोनबाजी आहेत, आमच्या गल्लीतला एकेक माणूस आहे. मी नाही. वच्छलाला म्हटलं तर ती म्हणाली, "बरं झालं. नकाशात राहाण्यापरीस घरात राहा." सरांनी तिला एक प्रत दिली होती. इंग्रजीत होती. ती त्यानं पापड वाळत घालायच्या चादरीचं टोक दाबायची.

कळमेश्वरलाच आम्ही मग खोली केली. नागपूरला येणं लग्नकार्यापुरतं राहिलं. असंच एकदा एका लग्नाहून परत जात होतो. दुपारची बस, ऊन मरणाचं, वच्छला खिडकीत. बस गिरणीवरून निघाली. गेटवरची पाटी कोणीतरी काढून नेली होती. लिंबाखाली तो घोळका नव्हता. कोणी मेले, कोणी गावी गेले, कोणी कामाला लागले. एकटे सोनबाजी बसले होते. आणि त्यांच्या शेजारी, जमिनीवर मांडी घालून, खानझोडे सर.

सर तेव्हा रिटायर झाले होते. पुस्तक छापून झालं होतं. त्या गेटवर त्यांना विचारायचं काही उरलं नव्हतं.

वच्छला म्हणाली, "कंडक्टर, गाडी थांबवा न जरा." त्यानं ऐकलं नाही. तिनं खिडकीतून हात काढून हाक मारली, "ओ सर! सर!" इंजिनाच्या आवाजात कुठलं ऐकू जातं? पुढं आम्ही सरांना पाहिलं नाही. तेच शेवटचं.

ती माझ्याकडं न वळता म्हणाली, "तुमी तिथी असते न, तं सर आज तुमच्याजवळ बसले असते."

मी म्हटलं, "हाव."

"या इकडे, पाहून घ्या."

सरकायला जागा नव्हती. मी जागच्या जागी उठून तिच्या डोक्यावरून पाहिलं. सर हात हलवून काहीतरी सांगत होते आणि सोनबाजी नाही नाही अशी मान हलवत होते. बस वळली. मग खिडकीत फक्त तिचं डोकं राहिलं.